पोटं दाखवण्याचा कार्यक्रम

सासूबाईंची अट साधी होती. ज्यांची पोटं कापली आहेत ती माणसे आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची, आणि मगच सुनेला नागपूरला जाऊ द्यायचे. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली होती. नवऱ्याने ‘आई म्हणेल ते’ असे म्हणून अंग काढून घेतले होते. सुनेच्या रक्तातली साखर, कुरकुरणारे गुडघे आणि झोपेत अडकणारा श्वास, सगळे त्या एका होकाराच्या दारात ताटकळत उभे होते.

ती पाहण्याजोगी माणसे म्हणजे आम्ही तिघे. नागपूरच्या एकाच डॉक्टरांकडून पोट लहान करून घेतलेले, आणि महिन्याच्या एखाद्या रविवारी यवतमाळला माझ्या घरी जमणारे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका. पांढरकवड्याला महामार्गावर ढाबा चालवणाऱ्या एक ताई, ज्या दिवसभर ट्रकवाल्यांना रोट्या वाढतात आणि स्वतः वाटीभर वरणावर भागवतात. आणि महाविद्यालयात कविता शिकवणारी मी. आमच्या बैठकीत अध्यात्माला प्रवेश नाही. कोणाचे केस किती गळले, कोणाच्या दंडाची कातडी वाळत घातलेल्या टॉवेलासारखी लोंबते, कोणाचा परकर भर बाजारात खाली उतरू लागला, असले आमचे विषय. डॉक्टर शरीर शिवून देतात. पण ते नवे शरीर घेऊन लग्नाच्या पंगतीत कसे बसायचे, हे त्यांच्या कागदावर नसते. ते आम्ही एकमेकांना सांगतो. म्हणून कोणी शस्त्रक्रियेचा विचार करत असले की डॉक्टर त्यांना आमच्याकडे धाडतात.

सुनेचा पहिला फोन पुसदकडच्या एका गावातून आला होता. ती गोठ्यामागे उभी असावी, कारण तिच्या कुजबुजीवर एक म्हैस सतत आपले मत मांडत होती.

“मॅडम, एकच विचाराचं होतं. नंतर ठेचा खाता येते का?”

“येतो. पण काही महिन्यांनी, आणि नखाएवढा.”

“येते ना? मंग जमते,” ती म्हणाली, आणि तिने सोडलेला निःश्वास म्हशीच्या रेकण्यापेक्षा खोल होता.

मला त्या प्रश्नाचे हसू आले नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पातळ पाण्यासारख्या दिवसांत मी स्वतः शेजारच्या फोडणीवर जगले आहे. भूक पोटातून उठून नाकात राहायला गेली होती. मोहरी तडतडली की मला ती आधी कानात लागे, मग हिंगाचा उग्र, किंचित ओला वास जिन्यावरून चढून येई, आणि लसणाची कड तांबूस होत आली आहे हे मी डोळे मिटून सांगू शके. इतक्या बारकाईने मी अन्नाकडे कधीच पाहिले नव्हते. पूर्वी मी नुसती खात असे.

सासूबाई येणार हे ठरले, आणि आमच्या गटाला नवरीकडच्यांसारखा घाम फुटला.

“आपण आजारी दिसलो तर संपलं,” काका फोनवर म्हणाले. “वाट्या-चमचे आत ठेवा. ताटं मांडा. पुरणपोळीचा स्वयंपाक करा. चारचौघांसारखे जेवताना दिसलो की म्हातारीची खात्रीच पटेल.”

“अन् खाईन कोण ते?” ताईंनी विचारले.

“एकेक घास घ्यायचा, बाकीचं ताटात फिरवत ठेवायचं. ऑफिसात मी फायली अशाच फिरवल्या.”

आमच्याकडे पाहुण्यासमोर रिकामे ताट हा अपमान, आणि पाहुण्यासमोर वाटीत जेवणे हे तर थेट दारिद्र्य. तेव्हा त्या युक्तीत खोट आहे असे कोणाला वाटलेच नाही. मी पुरण शिजत घातले. वेलदोड्याचा वास घरभर झाला आणि माझ्या यजमानांच्या चेहऱ्यावर अनेक महिन्यांनी श्रद्धा दिसली.

रविवारी त्या दोघी आल्या. सून दारातच जिन्याचा कठडा धरून श्वास गोळा करत राहिली. मोठा, गोरा, घामाने चकाकणारा चेहरा. डोळे मात्र परीक्षेला बसलेल्या मुलीचे. सासूबाई तिच्या पुढे होत्या. कापसाची वेचणी संपलेल्या पऱ्हाटीसारख्या काटक आणि करड्या. काखेत तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी, आणि पिशवीतून येणारा हिरवा, तुरट, दवाचा वास.

“तुम्हीच का त्या पोट कापलेल्या बाई?”

“हो, मीच. या ना, आत या.”

“तोंडावरून तं वाटत नाही.”

“काय वाटत नाही?”

“कापल्यावानी.”

त्या सोफ्यावर टेकल्या आणि कार्यक्रम सुरू झाला. मुलगी पाहण्याचे असंख्य कार्यक्रम मी पाहिले आहेत, एकदोनदा त्यांत मधोमध बसलेही आहे. पण निवृत्त वर्ग दोन अधिकाऱ्याला कोणी ‘चालून दाखवा’ म्हटलेले त्या दिवशी प्रथमच ऐकले.

“चालून दाखवा बरं, भाऊ.”

काका इमानेइतबारे खिडकीपर्यंत गेले आणि परत आले.

“दम लागते?”

“नाही. जिनासुद्धा चढतो.”

“हं.” नजर ताईंकडे वळली. “केस तुमचेच हायेत?”

“उरलेले माहेच हायेत, माय,” ताई म्हणाल्या. “बाकीचे न्हाणीत गेले. पण काही महिन्यांनी पुन्हा उगवतात, निंदणानंतरच्या गवतावानी.”

“टाके दाखवा.”

काकांनी घाईघाईने भिंतीवरच्या कॅलेंडरात लक्ष घातले. ताईंनी पदर सरकवला. सासूबाईंनी चष्मा वर केला, खाली केला, आणि निराश झाल्या.

“एवढेशेच? मले वाटलं पोतं शिवतात तसं शिवलं असन.”

सून हसली. आल्यापासून पहिल्यांदाच. मला वाटले, जिंकलो.

मग पंगत बसली. आमच्याकडे पुरणपोळीवर तूप घालत नाहीत. पुरणपोळीलाच तुपात उतरवतात. पोळीची जाड, मऊ घडी, कडेने फुटू पाहणारे पुरण, त्याच्यावर तुपाचा पिवळा, संथ उजेड. शेजारी कढी, भजी, वांग्याची भाजी. ताटे इतकी भरगच्च होती की त्यांच्याकडे पाहूनच माझ्या छाटलेल्या जठराने हात जोडले. मी एक घास चावत राहिले, अगदी त्याचे काव्य संपून नुसते व्याकरण उरेपर्यंत. ताई एक भजे मोडून त्याच्या तुकड्यांखाली दुसरे झाकत होत्या. सगळे ठीक चालले होते. पण सासूबाईंची नजर काकांच्या ताटावर थांबली.

“भाऊ तं काहीच खाऊन नाही राह्यले. गोड चालत नाही काय तुम्हाले?”

“छे छे! चालतं ना!” काका म्हणाले, आणि खात्याची सारी प्रतिष्ठा पणाला लावून त्यांनी अर्धी पोळी तुपासकट संपवली. वर वाटीतले उरलेले तूपही प्यायले.

काकांचे पोट आमच्यासारखे नुसते लहान केलेले नाही. त्यांच्या आतड्याचा रस्ताच वळवलेला आहे. ‘माझा कालवा फिरवला,’ असे ते अभिमानाने सांगत असतात. अशा पोटात गोड एकदम उतरले की शरीर बंड करते. आम्हां सगळ्यांना हे माहीत होते, काकांना सर्वांत जास्त. आधी त्यांच्या कपाळावर घामाचे मणी आले. मग ओठ पांढरे झाले, आणि ‘जरा पडतो’ एवढे म्हणून आमचे आदर्श उदाहरण सोफ्यावर आडवे झाले. पोटातून असा आवाज येत होता, जणू दूर कोठे धरणाचे दार उघडले आहे.

“बाप्पा! अंगात आलं काय यांच्या?” सासूबाई ताटावरून उठल्या. “हे काय होऊन राह्यलं?”

“काही नाही, उतरेल थोड्या वेळात,” मी काकांची नाडी धरून म्हणाले. आणि ते खरेही होते, पण त्या क्षणी माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? मी सुनेकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचे रक्त काकांच्या मागोमाग निघून गेले होते. तिने ताटातला हात काढला आणि ताटाकडेच पाहत राहिली.

“चाल वं,” सासूबाई म्हणाल्या. “पाहून झालं. हात धू.”

आणि मग ताईंचा बांध फुटला. रोज मद्यधुंद ट्रकवाल्यांना रस्त्याला लावणारा तो आवाज आधी काकांवर कोसळला.

“कायले खाल्लं हो तुम्ही? कोणाले दाखवाले? अन् मी बी बेअक्कल, तुमचं ऐकलं!” मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि एक वाटी आणून सासूबाईंपुढे टेकवली. घोटलेले वरण, त्यात उकडलेले अंडे कुस्करलेले. “हे आमचं जेवण, मावशी. हे ताट नाटक होतं. वाटीभर, चावून चावून, पाणी मागाहून. गोळ्या जन्मभर. माहं वजन खूप उतरलं, त्यातलं थोडं परत बी आलं. गोड जास्ती झालं का यांच्यासारखं लोळते माणूस. हे सगळं खरं हाय. अन् माही साखर उतरली, मी रातभर झोपते, हे बी खरं हाय.”

“मंग नाटक कायले केलं?”

“तुम्ही नाही म्हणसान म्हून.”

सासूबाई हात न धुताच खाली बसल्या. शेंगांची पिशवी जवळ ओढली आणि सोलायला लागल्या, उजव्या हाताची बोटे पुरणाने चिकट असतानाच. टरफल फुटल्याचा कोरडा आवाज, मग दाणे पडल्याचा ओला आवाज. सोफ्यावरून काकांचे कण्हणे येत होते, पण त्याला कोणी किंमत देत नव्हते.

“एवढंच खाता,” त्या शेवटी म्हणाल्या. “मंग जेवाले संग बसते कोण?”

प्रश्न आम्हांला कळला नाही. त्यांनी मान वर न करता सांगितले. त्यांचे मालक गेले तेव्हापासून त्या आणि सून एकाच ताटात जेवतात. पोरगा वावरातून कधीही येतो, कधीही खातो. सांजेला या दोघींचे एक ताट. “हे पोरगी तीन घासांत उठून जाईन. मंग मी काय भिताडासंग जेवू?”

खरे उत्तर देण्याचा दिवस होता, म्हणून आम्ही खरे दिले. ताई गल्ल्यावर बसून एकट्या खातात. काकांची बायको दूरदर्शनच्या मालिकेसोबत जेवते. हे त्यांनी डोळे मिटूनच सांगितले. मी म्हणाले, “सुरुवातीला वास सहन होत नसे, म्हणून मी यजमानांच्या समोरून उठून जाई. आता बसते. माझी वाटी संपते आणि त्यांची पोळी चालू असते.” ऐकायला हे काही फारसे आशादायक नव्हते. सासूबाईंचे तोंड अधिकच आवळले.

तेव्हा सून बोलली.

“आई, ताट आपलं एक हाय, पण जेवून कोण राह्यलं? तुम्ही भात माह्या अंगाले सरकवता. भाजी सरकवता. तुमच्या हातचं हाय म्हून मी खाते. तुम्ही वाळून राह्यल्या अन् मी फुगून राह्यली.” तिचा श्वास मध्येच तुटला, तो तिने पुन्हा जोडला. “लग्न होऊन आली तव्हा तुमच्या मागंमागं वेचणीले जात होती. आता बांधावरूनच परत येते. मले वावरात याचं हाय, आई.”

“मले विचारून राह्यली का सांगून राह्यली?”

ताईंनी माझ्या मांडीला चिमटा काढला, का ते त्यांनाच ठाऊक.

“सांगून राह्यली,” सून म्हणाली.

सासूबाईंच्या हातातली शेंग फुटली आणि दाणे फरशीवर लांबवर गेले. त्यांनी ते वेचले नाहीत. सुनेकडे त्या अशा पाहत होत्या, जणू पाहण्याचा कार्यक्रम आता कोठे सुरू झाला आहे. नंतर त्या माझ्याकडे वळल्या, आणि आवाजात मघाचाच खरखरीत तोरा होता.

“दवाखान्यात वरणाचं पाणी कोण देते? त्याइले मीठ कळते काय?”

“नाही कळत,” मी म्हणाले.

“मंग मले संग जा लागन.”

तारीख टळली नाही. शस्त्रक्रिया नीट झाली. सून घरी आली, पातळावरून मऊ अन्नावर आली, आणि तिचे केस ठरल्याप्रमाणे गळू लागले तेव्हा ती ताईंशी फोनवर तासभर भांडली. तिच्या गुडघ्यांचे अजून काही सांगता येत नाही. बांध ओलांडून वावरातल्या पिकाच्या पहिल्या ओळीपर्यंत जाते, असे कळले.

तक्रार आली ती सासूबाईंची, थेट मला, भर दुपारी.

“बाई, तुमच्या त्या नियमाचं काय करावं? हे एक घास घेते अन् चावतच बसते, चावतच बसते. मी काय हात धुवून तिच्या तोंडाकडं पाहत बसू? म्हून मी बी चावते. गार होते समदं. माह्या जबड्याले कळ लागून राह्यली. काही गोळी असन तं सांगा.”