समुद्रदेवीचा कौल

नारपोलीत आमच्या कारखान्याशेजारी कापडाचे लूम चालवणारे शेठ कोणालाही विचारतात ते आधीच ठरवून. नवे लूम बघायला आम्ही तैवानला गेलो, तेव्हा तिथल्या समुद्रदेवीच्या जुन्या देवळातही तेच. तिथे लाकडाचे दोन तुकडे टाकून कौल लावतात. एक उताणा, एक पालथा पडला की देवीचा होकार.

“आई, जुने लूम भंगारात काढून माणसं कमी करू ना?”

दोन्ही पालथे. नकार.

“हिला मराठी समजत न्हाय,” म्हणत त्यांनी हिंदीत विचारलं. पुन्हा नकार.

मग प्रश्नच फिरवला. “तो क्या, नहीं निकालूँ?”

तिसऱ्यांदा नकार.

“झालं ताई!” शेठ माझ्याकडे वळले. “म्हणजे काढायचेच.”

परतल्यावर कामावरून काढलेल्या कारागिरांपुढे शेठनी हात जोडले. “मेरा कुछ नहीं, भाई. माताजी का हुकूम है.”