फुली मारलेला ब्लॉक

हॉलवाल्याने तिसऱ्या सिलिंडरमध्ये बोट फिरवलं, गंजाने लाल झालेलं ते बोट आम्हाला दाखवलं आणि खिशातून खडू काढून इंजिनाच्या ब्लॉकवर मोठी फुली मारली.

"श्रॉट," तो म्हणाला. म्हणजे भंगार.

आम्ही राहायचो त्या घराच्या तळमजल्यावरच्या जर्मन बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. वय सत्तरीचं, पाठ ताठ. त्यांचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता आणि मागे गॅरेजमध्ये एक अमेरिकन गाडी ठेवून गेला होता. साठच्या दशकातली, दोन दारांची, लांबलचक बॉनेटची, आत आठ सिलिंडरचं इंजिन. दुरुस्तीसाठी म्हणून त्यांनी कार्बोरेटर काढून ठेवला होता आणि मग आजारीच पडले. गॅरेजचं छप्पर गळत राहिलं, त्या उघड्या तोंडातून पाणी थेट सिलिंडरमध्ये. इंजिन पार जाम झालं होतं.

हा हॉलवाला जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या बाहेर एका हॉलमध्ये, म्हणजे मोठ्या शेडमध्ये, अशा गाड्यांची इंजिनं बांधायचा. त्याच्याकडे इंजिनाची ताकद मोजायचा डायनोही होता. त्या भागात त्याचा शब्द शेवटचा.

"माझ्याकडे दुसरं इंजिन तयार आहे. हे काढू, ते बसवू. फरक कळणारसुद्धा नाही," तो बाईंना म्हणाला.

"मला कळेल," बाई म्हणाल्या.

मी आले होते फक्त सोबत म्हणून. मला कोणी काही विचारलं नव्हतं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "ब्लॉक तडकलेला नाही. आतून लायनरची नवी नळी घातली की होईल."

तो माझ्याकडे वळला. "तुम्ही काय करता?"

"इंजिनिअर आहे. इंजिनाच्या कंपनांची गणितं करते."

"आल्झो, म्हणजे कॉम्प्युटरवर," असं म्हणून तो हसला. छान, मोकळं हसला, आणि तेच मला लागलं.

त्याला माहीत नव्हतं की मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढले. बाबांचं तिथे क्रँक ग्राइंडिंगचं, म्हणजे इंजिनाचे झिजलेले दांडे घासून देण्याचं, वर्कशॉप होतं. ट्रकची इंजिनं तिथे तिसऱ्यांदा, चौथ्यांदा बांधायला यायची. मी सातवीत मायक्रोमीटर वाचायला शिकले, ते शाळेत नाही. बाबांच्या शेडमध्ये ब्लॉकला भंगार म्हणायचा हक्क कोणाला असलाच तर तो ब्लॉकला असायचा, माणसाला नाही.

इंजिन परत घेऊन घरी येताना बाईंनी विचारलं, "तुम्ही खरंच करू शकता?"

"हो," मी म्हटलं.

माझा नवरा तेव्हा इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता. त्याने डोक्याला हात लावला. "अगं, आपण इथे परके. उद्या इंजिन फुटलं तर त्या बाईंना काय तोंड दाखवशील?"

"हेच दाखवीन. दुसरं आहे कुठे?"

बाबांना फोन केला. त्यांनी पाचच प्रश्न विचारले. शेवटचा होता, "तडा बघितलास का नीट?"

"बघितला. रंग टाकून बघितला. नाहीय."

"मग रडतीस कशाला? घाल लायनर."

"रडत नाही बाबा."

"आवाज तसा येतोय," म्हणाले आणि फोन ठेवला.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपचा तो उन्हाळा. शहरभर गाड्यांवर झेंडे फडफडत होते आणि मी प्रत्येक शनिवारी त्या गॅरेजमध्ये. पिस्टनवर डिझेल ओतून दहा दिवस वाट पाहिली, मग लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने एकेक पिस्टन सोडवला. तिसरा हट्टी निघाला. तो सुटला तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यानंतर त्या परत गेल्याच नाहीत. खुर्ची आणली, अंगावर नवऱ्याचा निळा डगला चढवला आणि नटबोल्ट रॉकेलमध्ये धुवून, चिठ्ठी लावून, ओळीने मांडू लागल्या. चाळीस वर्षं त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होत्या. एकही चिठ्ठी चुकली नाही.

"त्यांनी मला कधी इथे येऊ दिलं नाही," एकदा त्या म्हणाल्या. "म्हणायचे, हात खराब होतील." आणि आपले काळे झालेले हात बघून समाधानाने मान हलवली.

बोअर मारायला, म्हणजे सिलिंडर आतून कोरायला, आणि लायनर बसवायला ब्लॉक एका कारखान्यात दिला. बाकी सगळं मी केलं. बेअरिंगची फट तीनदा मोजली. व्हॉल्व्ह घासून बसवले. व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या स्प्रिंग जुन्याच ठेवल्या. लांबी मोजली, बरोबर होती.

सप्टेंबरात इंजिन डायनोवर चढवलं. अर्थात हॉलवाल्याच्याच. मुद्दाम. दुसरीकडे जाऊन सिद्ध केलं असतं तर त्याने ते मानलंच नसतं.

डायनोवर इंजिन एकटंच असतं, गाडीशिवाय. त्याला पाण्याचा ब्रेक जोडतात आणि इंजिन त्याच्याशी किती झुंजतं ते मोजतात. आम्ही काचेपलीकडे उभे होतो. त्याने स्टार्टर मारला आणि इंजिन पहिल्या फटक्यात बोललं. काच थरथरली. बाईंनी माझं मनगट धरलं. वीस मिनिटं, मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या गतीवर चालवून कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, नीट बसू दिला. तेलाचं प्रेशर उत्तम. मग त्याने भार देऊन वेग वाढवायला सुरुवात केली. तीन हजार. साडेतीन. चार हजारांच्या जरा पुढे इंजिन अडखळलं, फटफट करू लागलं आणि आकडा घसरला.

त्याने थ्रॉटल मिटला.

"तुमचा लायनर," तो शांतपणे म्हणाला. "मी सांगितलं होतं. ते दुसरं इंजिन अजून आहे."

हॉलमध्ये त्याचे दोनतीन मित्र होते. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"आधी कॉम्प्रेशन बघू," मी म्हटलं.

"कशाला?"

"कारण तुम्ही अंदाज सांगताय आणि मला आकडा हवाय."

मी आठही प्लग काढले. प्रत्येक सिलिंडरला गेज लावला, बाईंनी आकडे लिहून घेतले. आठही जवळजवळ सारखे. तिसरा तर सगळ्यांत चांगला; लायनर बिघडला असता तर तोच सगळ्यांत कमी आला असता. कागद मी त्याच्यापुढे धरला. त्याने तो वाचून परत दिला, पण माझा प्रश्न सुटला नव्हता. मी खाली बसले आणि डोळे मिटून तो फटफट आवाज पुन्हा आठवला. कमी वेगात ठीक, जास्त वेगात गडबड. व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नव्हते. स्प्रिंग! मी लांबी मोजली होती, जोर मोजला नव्हता.

"चूक माझी आहे," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "ब्लॉकची नाही. पुढच्या शनिवारी परत येते."

हे बोलताना मला लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही.

आठवडाभरात नवीन स्प्रिंग आल्या, बसवल्या. पुढच्या शनिवारी इंजिन चार हजार ओलांडून गेलं, साडेचार ओलांडून गेलं, आणि आवाज असा सलग, भरून राहिलेला की पोटात घुमत होता. पाच हजारांवर हॉलवाल्याने हात मागे घेतला. पडद्यावर आकडा होता दोनशे एकाहत्तर अश्वशक्ती.

"कंपनीच्या कागदावर तीनशे आहेत," तो म्हणाला.

"तेव्हा कंपन्या कागदावर आकडे कसे फुगवायच्या, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"गेनाऊ," तो म्हणाला. अगदी बरोबर. नाइलाजाने, पण म्हणाला. कागद छापून सही करून दिला. मग बाईंकडे वळून गाडी विकत मागितली. त्यांनी वाक्य पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "नाही."

ऑक्टोबरात इंजिन गाडीत बसलं, तपासणी झाली, नंबरप्लेट लागली. पहिल्या रविवारी मी सवयीने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, तर बाईंनी हात पुढे केला, किल्लीसाठी. ही गाडी त्यांनी आजवर एकदाही चालवली नव्हती. मी पलीकडे जाऊन बसले. आम्ही हार्त्सच्या डोंगरांच्या दिशेने निघालो. गाव संपलं, दोन्ही बाजूंना बिटाची शेतं आली, रस्ता सरळ झाला.

"इंजिन नवीन बांधलंय," मी म्हटलं, "पहिले हजार किलोमीटर जरा जपून."

"हो, हो," बाई म्हणाल्या आणि पाय दाबला.

मी सीटला पाठ टेकली.