यादीत नसलेले पदार्थ

मीरा, निखिल,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मला दुकानातून आणलेली समुद्री शेवाळाची कुरकुरीत पानं दाखवलीत आणि विचारलंत, "आजी, तुझ्या लहानपणी असं नवं काहीतरी आणून खाऊन बघणारं घरात कुणी होतं का?" मी "नाही" म्हटलं. ते खोटं होतं. मी पंच्याऐंशी ओलांडली आहे आणि असं उत्तर दुरुस्त करायला आता फार अवधी नाही, म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहिते.

माझी आत्या नवा पदार्थ तोंडात घालताना डोळे मिटायची. घास गिळून झाल्यावरही थोडा वेळ ती तशीच बसे. मग डोळे उघडून एका वाक्यात निकाल सांगे. कोकोची भुकटी चाखून म्हणाली, "जळकं लाकूड, पण चांगल्या झाडाचं." दुधाच्या भुकटीबद्दल म्हणाली, "गाईला ही दाखवू नये." तो निकाल ऐकायला मी तिच्यासमोर मांडी घालून बसलेली असे. माझा वाटा मला त्यानंतर मिळायचा.

ती माझ्या वडिलांची मोठी बहीण. अकराव्या वर्षी विधवा झाली आणि तेव्हापासून माहेरीच राहिली. डोक्यावरचे केस काढलेले, अंगावर लाल अलवण. डोंबिवलीच्या आमच्या घरात सोवळ्याचा सगळा स्वयंपाक तीच करी. स्वतः मात्र एकवेळ जेवायची, आणि तेही मोजकं. कांदा, लसूण, मसूर, गाजर वर्ज्य. चातुर्मासात वांगंही गेलं. एकदा माझी आई म्हणाली, "वन्सं, तुम्हाला हे डबे-पुडे चालतात तरी कसे?" आत्याने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, "वहिनी, माझ्या ताटात काय नसावं याची यादी मी अकरा वर्षांची असताना झाली. त्यात कस्टर्ड नाही. ज्यांना ठाऊकच नव्हतं ते मना कसं करतील?"

आई हसली. वडीलही ऐकत होते, तेही हसले. आमच्या घरात तिला इतकी मोकळीक होती, आणि ती कशावर टिकून आहे याचा कुणी फार विचार केला नव्हता.

स्टेशनाजवळ एका कच्छी दुकानदाराचं किराण्याचं दुकान होतं. लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतला उरलेला माल बाजारात आला, तेव्हा त्याने गुळाच्या ढेपींशेजारी परदेशी डब्यांची एक फळी मांडली. आत्याला बघितलं की तो तिथला नवा डबा खाली काढी.

"माई, हे बघा. गोरा सायब जेवल्यावर खाते."

"गोरे गेले आणि खाणं इथंच विसरले होय रे?"

"घाई होती माई."

आत्या डबा हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवी आणि माझ्यापुढे धरी. "वाच." हे माझं काम होतं. मी इंग्रजी तिसरीत होते, वर्गात पहिली यायचे. डब्यावर काय लिहिलंय ते मी वाचायचे आणि मराठीत सांगायचे. त्यात अंडं किंवा मांस नाही असं मी म्हटलं की डबा घरी यायचा. तिला अक्षरओळख मराठीचीही जेमतेम होती. माझ्या वाचण्यावर ती खात होती.

छावणीत आता सिंधी निर्वासित राहू लागले होते. त्यांचे मिऱ्याचे पापड दुकानात आले तेव्हा त्यावर लेबल नव्हतं. आत्याने ते निखाऱ्यावर भाजले आणि निकाल दिला, "भाजलं की शुद्ध. विस्तवाला कुठली शिवाशीव?" एकदा तिने पोकळ नळ्यांच्या शेवया आणल्या. वडील म्हणाले, "ताई, गांडुळं वाळवून ठेवलीस काय?" ती म्हणाली, "तुला वाढणारच नाहीये."

त्या हिवाळ्यात दुकानदाराने लाल खड्यांचे तीन पुडे काढले. जेली. मी वाचलं: साखर, लिंबाचं आम्ल, रंग, आणि जिलेटिन. शेवटचा शब्द मला येत नव्हता.

"ते काय असतं?"

"घट्ट व्हायला घालत असतील काहीतरी."

"चायना ग्रासासारखं?"

"हो, तसंच," मी म्हटलं. येत नाही असं म्हणायची मला सवय नव्हती.

घरी तिने ती गरम पाण्यात विरघळवली, पितळेच्या डब्यात ओतली आणि डबा कळशीत ठेवून विहिरीत सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या पडवीत आम्ही डबा उघडला. जेली अर्धीमुर्धी घट्ट झाली होती आणि थरथरत होती. आत्या हसायला लागली. तोंडावर पदर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अगं, ही जिवंत आहे!" त्या दिवशी डोळे मिटून ती नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. निकाल द्यायचं विसरली.

संध्याकाळी मी वडिलांचा इंग्रजी कोश उघडला. मला शब्दांची वही ठेवायची शिस्त होती. पानावर तीन रकाने: शब्द, अर्थ, कुठे आढळला. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: जिलेटिन. जनावरांची हाडे व कातडी उकळून काढलेला चिकट पदार्थ. आत्याची जेली.

आणि वही मिटून ठेवली. आत्याला सांगितलं नाही. मला भीती वाटली असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे अजून दोन पुडे शिल्लक होते, आणि मला ते हवे होते. ते दोन्ही आम्ही त्या महिन्यात खाल्ले, ती माझ्यासमोर बसून आणि मी तिच्यासमोर.

वडिलांचे थोरले भाऊ ठाण्याला कोर्टात होते. घरातल्या श्राद्धपक्षाचं सगळं त्यांच्याकडे असे, आणि त्यासाठी सोवळ्यातला स्वयंपाक करायला आत्या दर वर्षी ठाण्याला जाई. त्या वर्षी ते तिला न्यायला आले. ओसरीवर बसून मला म्हणाले, "काय विद्वान, इंग्रजी कुठवर आलं? वही आण बघू." मी धावत जाऊन आणली. त्या पानाची मला आठवण झाली नाही. वहीत एकही खाडाखोड नाही, एवढंच डोक्यात होतं.

त्यांनी पानं उलटली. एका पानावर थांबले. मग तिसरा रकाना मोठ्याने वाचला.

वडील म्हणाले, "दादा, अहो, अजाणता झालं असेल."

"अजाणता? पुडा काय उडत आला घरात? या हाताने बापाच्या पिंडाचा भात रांधायचा होता हिने!"

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मग ती विहिरीवर गेली आणि आम्हाला तिच्या ओकाऱ्या ऐकू आल्या. त्यानंतर किती तरी वेळ थंड पाणी अंगावर ओतून घेतल्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी काका तिला घेऊन गेले. प्रायश्चित्त तिथे झालं, पण तिला परत पाठवलं नाही. आमच्या घरात धरबंध नाही, असं ते म्हणाले. वडिलांनी पुन्हा एकदा "दादा" म्हटलं, तेवढंच. प्रायश्चित्त होऊनही ठाण्याच्या घरात तिच्या हातचं कुणी घेत नसे. तीस वर्षं चुलीपुढे काढलेल्या बाईला मागच्या खोलीत तांदूळ निवडायला बसवलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी वडिलांबरोबर ठाण्याला गेले. जाताना मक्याच्या भाजलेल्या पाकळ्यांचा डबा नेला. तो मी तीनदा वाचला होता, शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनाही दाखवला होता.

"आत्या, यात काही नाही. मका, साखर, मीठ. सरांना विचारलंय."

तिने डबा हातात घेतला, फिरवला, आणि खाली ठेवला.

"तुला ठाऊक होतं ना गं? मागचे दोन पुडे खाल्ले तेव्हा?"

"हो."

"मला सांगितलं असतंस तर मी ठरवलं असतं."

मी विचारलं, "मग खाल्लं नसतंस?"

"ते आता कसं कळणार?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "डबा घरी ने. वहिनींना दे." आणि तिने सूप पुढे ओढलं.

त्यानंतर तिने एकेक पदार्थ सोडायला सुरुवात केली. आधी गूळ सोडला, मग मीठ, मग भात. घरात सगळे त्याला नेम म्हणत आणि काका पाहुण्यांना कौतुकाने सांगत. तिसऱ्या वर्षी ती फक्त ताक घेत होती. पावसाळा संपता संपता गेली. काकांचं कार्ड आलं तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते. वडिलांनी कार्ड वाचून आईकडे दिलं आणि अंघोळीला गेले. मी माफी मागितली नव्हती. मागायची कशी, तेच मला माहीत नव्हतं. काकांच्या हातून झालं ते त्यांच्या समजुतीने झालं. माझं तसं म्हणता येत नाही.

तिचा फोटो कधी काढला नाही. तशा बायकांचे काढत नसत. ठाण्याचं घर पाडून तिथे इमारत झाली. डोंबिवलीची विहीर बुजवली. घराण्याच्या वंशावळीत मुली लिहिलेल्या नाहीत, त्यामुळे तिथेही ती नाही. तिचं नाव यमुना होतं. ते ठाऊक असलेली आता मी एकटी उरले आहे.