केसांतली रुई

“अंबाडा सोड.”

कापसाच्या जिनाच्या फाटकावर जमादारानं सगुणामावशीला सांगितलं. साठीची विधवा बाई. सुटीचा भोंगा नुकताच झालेला, गडीमाणसं बाहेर पडत होती. त्यांच्यासमोर तिनं अंबाडा सोडला. पांढऱ्या केसांतून चिमूटभर रुई खाली पडली.

“चोट्टी कुठली!” जमादार ओरडला.

जालन्याच्या त्या जिनात आम्ही बाया दिवसभर यंत्रावर कपास टाकायचो. सरकी एकीकडे, रुई एकीकडे. रुई नाकात, कानात, भाकरीतसुद्धा. केसांत नसेल तर नवल! निजामाचं राज्य जाऊन वर्ष झालं होतं. फाटकावरचा झेंडा बदलला, झडती तीच राहिली. रोज पदर झाडायचा, ओचा झाडायचा. केस मात्र आजवर कुणी सोडायला लावले नव्हते.

मी मावशीच्या मागेच उभी होते. आणि माझ्या ओच्यात खरोखर रुई होती. दोन मुठी.

माझी तीन महिन्यांची पोर बारदानावर निजायची. पाठीवर चट्टे उठले होते तिच्या. त्या दिवशी आवारात एक पिंजारी बसून जिनाच्या मालकाच्या, सेठच्या, लेकीच्या लग्नाच्या गाद्या भरत होता. ते पाहिलं नि माझं डोकं फिरलं. खोटं कशाला बोलू, उचलताना हात जरासुद्धा कापला नाही.

फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला सेठ तिथूनच म्हणाला, “उद्यापासून सगळ्यांनी केस सोडायचे. तुमची जातच चोराची.”

“म्या काय बी घेतलं न्हाई वो मालक,” मावशी रडू लागली.

तेव्हा मला माझी लाज वाटली. म्हातारी भोगत होती आणि मी तोंडाला कुलूप लावून बघत होते. पुढं झाले. ओचा सोडला, रुई सेठच्या पायाशी टाकली.

“ही चोरी. म्या केली. मावशीच्या केसातली रुई तुमचं काम करताना पडली. ती बी तुमची, तर मंग आमच्या छातीत गेलेली कशी काढून घेता?”

“सोडा हिचे केस!” सेठ उठला.

जमादार पुढं आला.

“हात लावून तर बघ.”

तो थबकला.

“उद्यापासून येऊ नको,” सेठ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी आले. भोंग्याच्या आधी आले, फाटकाबाहेर उभी राहिले. आत जाणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, “केस सोडू नका बायांनो. आज केस, उद्या लुगडं सोडाया लावतील.”

जमादारानं दोनदा हाकललं. दोनदा परत आले. आता मूठभर रुईवर भागणार नव्हतं. झडती बंद व्हायला हवी होती, नि पोरं गादीवर निजतील एवढी मजुरी हवी होती. हे दोन्ही मिळेपर्यंत फाटक सोडायचं नाही.