टाकीमामाची बिनहवेची सुट्टी

कापड रंगवण्याच्या कारखान्यामागे सांडपाण्याची टाकी होती. ती सांभाळणाऱ्याला सगळे टाकीमामा म्हणत. टाकीतले जिवाणू रंगाच्या पाण्यातली घाण खात आणि निवळलेलं पाणी ओढ्याला जाई. त्यांना जगवायला तळातून सतत हवा सोडावी लागे. मामा रोज बादलीभर पाणी काढून हुंगायचा. मातीचा वास आला की त्याचा जीव भांड्यात पडायचा.

"घरात कोण जेवलं ते ठाऊक नाही आणि किड्यांच्या पोटाची काळजी," बायको म्हणायची.

"ते मीठ कमी म्हणून कुरकुरत नाहीत," मामा म्हणायचा.

यंदा कारखान्यानं पर्यावरण पुरस्कारासाठी वीजबचतीचा विडा उचलला. जोडून आलेल्या सुट्ट्यांत झाडून सगळी यंत्रं बंद, असं ठरलं. मामा पर्यावरण विभागाच्या मॅडमकडे गेला. मॅडम वयानं लहान, पण मनापासून काम करणाऱ्या.

"सुट्टीत रंगाचं पाणीच येणार नाही, मामा. मग हवा कशाला?"

"काम नसलं तरी श्वास लागतोच की."

मॅडमना पटलं. त्यांनी वर विचारलं. वरून आलं, एकालाही सूट नाही. मामानंच हवेचं यंत्र बंद केलं.

सुट्टीत त्याला राहवेना. तो फाटकाशी गेला.

"आत कोण आजारी आहे का, मामा?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"आहे."

"मग भेटायची वेळ संपली."

सुट्टी संपून तो आत गेला, तेव्हा टाकी काळी पडली होती आणि नासक्या अंड्यांचा वास सुटला होता. मॅडम नाकाला रुमाल लावून काठाशी आल्या.

"पुन्हा जगतील?"

"नवे आणून वाढवावे लागतील. दीड-दोन महिने. तोवर रंगकाम थांबवा."

मॅडमनी फोन लावला. मामाला एकच बाजू ऐकू येत होती. "हो सर. नाही सर. ऑर्डरी आहेत, समजलं सर."

रंगकाम सुरू झालं. ओढ्याकडची झडप मामानं बंदच ठेवली होती; दुपारपर्यंत टाकी काठोकाठ भरली. पाणी सोडलं नाही तर ते उलटं रंगखात्यात शिरणार, जिथं माणसं अनवाणी उभी होती. मामानं मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. त्यानं चाक फिरवून झडप उघडली.

लाल पाणी ओढ्यात उतरलं. खालच्या अंगाला धुणं धुणारी बाई भराभर कपडे ओढून उभी राहिली.

"अहो, किती वेळ चालणार हे?" तिनं ओरडून विचारलं.

मामानं उत्तर द्यायला दोन महिन्यांची दोन बोटं वर केली आणि तो हात तसाच धरून उभा राहिला.