यादीतला करदोडा

मूल दत्तक घ्यायचं म्हणून माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांना मी आधी कागद सांगते. सिंदेवाहीला पंचायत समितीत कारकुनी करण्यात माझा जन्म गेला. कागदांच्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही, आणि हे मी जरा तोऱ्यातच सांगते. ओळखीच्या नर्सबाईकडून परस्पर बाळ आणू नका, तो गुन्हा आहे. सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करा. घर बघायला येणाऱ्या बाईंशी खोटं बोलू नका, त्या डबेसुद्धा उघडून बघतात. वाट बघायची तयारी ठेवा. एवढं सांगते, चहा पाजते आणि निरोप देते. एक गोष्ट मात्र मी नऊ वर्षं पोटात ठेवली होती.

आमची मुलगी चार महिन्यांची असताना आमच्याकडे आली. संस्थेतल्या बाई म्हणाल्या, जन्म देणारीला मन बदलायला दोन महिने असतात, ती परत आली नाही. मला आनंद झाला. त्या जन्म देणाऱ्या पोरीचं काय झालं असेल हे डोक्यातसुद्धा आलं नाही. नुसता आनंद झाला, आणि आज त्याची लाज वाटते.

बाळ हातात देताना त्यांनी एक यादी दिली. झबली दोन, टोपी एक, काळा करदोडा एक, मणी चार. करदोडा बाळाच्या कमरेलाच होता, चारही मणी त्यातच ओवलेले. आईनं जाताना बांधलेला, असं बाई म्हणाल्या. गाठीपुढे वीतभर दोरा मोकळा सोडलेला होता, अंग वाढलं की सैल करता यावा म्हणून. मी यादीखाली ‘मिळाले’ लिहून सही केली.

आमच्याकडे नव्या बाळाला करदोडा आत्या बांधते. बारशाच्या दिवशी नणंद चांदीचा घेऊन आली आणि जुना बघून थबकली.

“राहू दे ना वहिनी, दोन्ही राहू दे. मायेनं बांधला असंन कोनं तरी.”

“एका कमरेले दोन करदोडे कायले?” मी फटकन बोलले. गाठ सोडायचाही धीर मला नव्हता, मी कात्रीच आणली. अंगावरची वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत, पाण्यात सोडतात. म्हणून त्याच दिवशी पाहुणे जेवत असताना मी एकटीच गावाबाहेरच्या मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावावर, गेले आणि तो करदोडा पाण्यात टाकून आले. येताना पाऊल हलकं पडत होतं. पोर आता माझी एकटीची झाली, असं मला वाटलं.

यादी मात्र मी फाडली नाही. सही केलेला कागद फाडणं माझ्या हातून होत नाही. ती फाईलमध्ये राहिली आणि फाईल कपाटात.

पोरीला तिच्या जन्माबद्दल आम्ही लहानपणापासून सगळं सांगितलं. आपल्या घरात लपवाछपवी नाही, हे मी तिला शंभरदा ऐकवलं असेल. सात वर्षांची असताना तिनं विचारलं, “तिनं माह्यासाठी काहीच नोतं ठेवलं?” मी भाजी चिरत होते. मी “नाई” म्हणाले. ती बरं म्हणून खेळायला गेली. त्या एका शब्दापायी मला पुढची दोन वर्षं घास गोड लागला नाही. तिला खरं कळलं तर ती माझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही, ही भीती होती, आणि वागणं माझंच तसं होतं.

या मे महिन्यात अहेरीहून एक जोडपं आलं. बाळाचा फोटो आला होता, दोन दिवसांत होकार कळवायचा होता. नवरा घामाघूम, बायकोनं फाईल छातीशी धरलेली. मी कागद तपासले, एकही चूक नव्हती.

“कागद झाले, ताई,” ती म्हणाली. “पन बाळासंगं आनखी काय सांभाळा लागते?”

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. तिचा चेहरा बघून मला खोटं बोलवेना. “बाळाच्या अंगावर जे येईन ते फेकू नका. चिंधी असली तरी.”

“काऊन?”

मग मी सगळं सांगून टाकलं. कात्री, तलाव, सगळं. सांगून मान वर केली तर मुलगी दारात उभी. ओसरीवर चिंचा फोडत बसलेली, हात चिकट, तसेच अंगापासून लांब धरलेले.

पाहुणे ओशाळून उठले. मी कपाटातून फाईल काढून यादी तिच्यासमोर धरली. तिनं हात फ्रॉकला पुसले, बोट ठेवून वाचलं, मणी चार, आणि खाली माझी सही.

“तू तं नाई म्हनली होती.”

“हो,” मी म्हणाले. रडू आलं, पण तिच्यासमोर रडून तिच्याकडूनच समजूत काढून घेणं मला पटेना. ती आत निघून गेली. संध्याकाळी चपला घालून पुढ्यात आली. “कुठी टाकला, दाखव.”

तलाव पार आटला होता. पाणी मधोमध डबक्याएवढं उरलेलं, भोवती भेगाळलेला गाळ. मी पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, जागा दाखवली. ती खाली उतरली आणि मान खाली घालून भेगांत बघत चालायला लागली. मग मला राहवलं नाही.

“नाई सापडत बेटा. नऊ वर्सं झाली.”

“मले माहीत हाये,” ती वर न बघता म्हणाली. “तू तिकडून पाह्य.”

मी चपला काढल्या, पाळ उतरले आणि दुसऱ्या कडेनं वाकून मणी शोधायला लागले.