काकीचा उकिरडा

परवा चावडीसमोर सरकारी माणूस आला होता. खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर हॅट, बगलेत गुंडाळलेला तक्ता. तो तक्ता लिंबाच्या खोडाला टांगून त्यानं आम्हाला घरच्या घरी खत कसं करायचं ते शिकवलं. कंपोस्ट म्हणे! म्हाताऱ्यांनी तो शब्द दोन-चारदा तोंडात घोळवून पाहिला आणि सोडून दिला. केरकचरा, गोठ्यातला चघळ, शेण, राख यांचे थर द्यायचे, पाणी बेतानं घालायचं, महिन्यानं सगळं वरखाली करायचं. मी मागं उभा राहून ऐकत होतो आणि माझं डोकं तापत चाललं होतं. अहो, हा गृहस्थ पाळण्यात होता तेव्हा आमच्या घरात एक अडाणी बाई हेच सगळं करत होती, तेही तक्त्याशिवाय. शेवटी त्यानं विचारलं, असा खड्डा कुणी केलाय का? मी हात वर केला. "कुणी शिकवलं?" मी म्हणालो, "काकीनं."

घरी येऊन ओट्यावर बसलो तरी तो एक शब्द डोक्यातून जाईना. कारण ती माझी काकी नव्हती. ती माझी सख्खी आई होती.

माझ्याआधी तिला तीन मुलं झाली आणि तिन्ही वर्षाच्या आत गेली. चौथा मी. आमच्या ब्राह्मणपुरीकडच्या गावांत अशा घरासाठी एक चाल आहे. पोर जन्मलं की सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं आणि मागं न बघता परत यायचं. मग दुसऱ्या कुण्या बाईनं ते उचलायचं, 'मला पोर सापडलं' म्हणून ओरडायचं आणि आईनं तिला सूपभर ज्वारी देऊन ते मागून घ्यायचं. असं केलं की ते पोर आईचं राहत नाही, कचऱ्यातलं होतं. कचऱ्यातल्या पोरावर मरणाची नजर कशाला जाईल, असा हिशोब. उकिरड्यावरूनच नावं ठेवलेले बाप्ये आमच्या गावात दहा तरी निघतील. माझंही नाव तेच आहे, ते लिहायची मला हौस नाही.

बाकीच्या बाया ही चाल करायच्या आणि महिन्याभरात विसरून पोराचे मुके घ्यायच्या. माझी आई विसरणाऱ्यातली नव्हती. तिनं तीन पोरं मातीत घातली होती. माझ्या बाबतीत तिला कसूर ठेवायची नव्हती. मला बोलता यायला लागलं तेव्हा तिनं मला शिकवलं, तिला काकी म्हणायचं. दारात कुणी नवखी बाई आली आणि म्हणाली, 'पोऱ्या गोरा शे, मायवर गया,' की हिचा चेहरा पांढरा पडायचा. ती घाईनं म्हणायची, "हाऊ मन्हा नही. उकिरडावर सापडना." मी तिथंच उभा असायचो.

मला उचललं होतं आमच्या शेतावर कामाला असलेल्या बाईनं. सातपुड्यातून नवऱ्याबरोबर खाली उतरलेली, खळ्याच्या कडेला झोपडी करून राहिलेली. तिची बोली आम्हाला अर्धीमुर्धी कळायची. त्यांच्यात आईला याहा म्हणतात. काकीनं मला तिला याहा म्हणायला लावलं. याहाला हसू यायचं. ती मला बोरं द्यायची, तिच्या पोरांबरोबर खेळू द्यायची, पण संध्याकाळ झाली की घराकडं बोट दाखवायची. मी कुणाचा आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मला ठाऊक होतं का? आठ वर्षांचा होईपर्यंत नव्हतं. मग वडिलांनी एकदा बैलगाडीत सांगितलं. सांगितलं म्हणजे कसं, तर बैलांकडं बघत. "ती तुन्ही मायच शे. लगीन व्हई तवय सांगी." लग्नाच्या मांडवात हळद लागली की हे बंधन सुटतं. तेव्हा आई पोराला जवळ घेऊन चारचौघांत 'हा माझा' म्हणते. मी लगेच विचारलं, माझं लग्न कधी? वडील हसले. मी मात्र त्या दिवसापासून लग्नाची वाट बघत होतो, आणि ती बायकोसाठी नव्हती.

काकीचा उकिरडा घरामागं, गोठ्याला लागून होता. लोक उकिरडा म्हणतात आणि नाक मुरडतात. तिच्या उकिरड्याला वास म्हणून नव्हता. कंबरभर खोल खड्डा. तळाला पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, मोडून घातलेल्या. "खालेतून वारा जावाले पाहिजे," ती म्हणायची. त्यावर गुरांनी खाऊन टाकलेल्या चाऱ्याचा चघळ, लिंबाचा पाला, घरातला केर, भाजीची देठं. त्यावर पातळ कालवलेलं शेण. त्यावर चिमूटभर मीठ टाकावं तशी राख आणि मग ओंजळ-ओंजळ माती. गुरांचं मूत मुरलेली गोठ्यातली माती ती खरवडून आणायची; ती तिला सोन्यासारखी. शेणाच्या गोवऱ्या थापताना ती नेहमी कुरकुरायची. अर्धं शेण चुलीत जातं, जमिनीनं काय खायचं!

मी पहिल्यांदा एकट्यानं थर दिला तेव्हा घागरभर पाणी ओतलं. आठ दिवसांत असा घाण वास सुटला की शेजारीण भांडायला आली. पुढच्या खेपेला भीतीनं पाणीच घातलं नाही, तर आत उधई, म्हणजे वाळवी लागली आणि सगळं कोरडंठाक राहिलं. काकी रागावली नाही. तिनं मधला कचरा माझ्या मुठीत दिला आणि म्हणाली, "दाब. बोटे वल्ला व्हयनात ना, बस. टपटप गळाले नको." अजूनही माझं माप तेच आहे. परवाच्या त्या तक्त्यावर तेवढंच नव्हतं.

थर पुरे झाले की वरून चिखलानं लिंपायचं. पंधरा दिवसांनी ती एक लांब काठी आत खुपसायची, थोडी थांबायची आणि ओढून काढायची. काठीचं टोक चांगलं गरम लागायचं. ती ते आधी स्वतःच्या तळहातावर धरायची आणि मग तो तळहात माझ्या गालाला लावायची. "देख, कितलं गरम शे." हात बराच वेळ तिथंच असायचा. एरवी ती मला हात लावत नसे. आंघोळ घालायला याहा, तेल लावायला याहा. म्हणून मी दर दोन दिवसांनी विचारायचो, काकी, आज काठी बघायची का? ती म्हणायची, आरे पोऱ्या, परवाच तर बघितली! आणि तरी काठी आणायला जायची.

महिन्यानं सगळं पालटायचं. वरचं खाली, खालचं वर. ती फावड्यानं उचलायची, मी टोपलीनं. चौथ्या महिन्यात ते काळंभोर, भुसभुशीत व्हायचं, कशाचं काय होतं ते ओळखू येऊ नये असं. मग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गाड्या भरून शेतात.

दहाव्या वर्षी मी तिच्याशी फार वाईट वागलो. आमच्याकडं लग्नाची पंगत होती. माझ्याबरोबरीची पोरं आपापल्या आईजवळ जेवायला बसली. मी काकीजवळ गेलो, तर तिनं सगळ्यांसमोर मला उठवलं, तिकडं बाप्यांत बस म्हणाली. पोरं फिदीफिदी हसली. माझं टाळकं सरकलं. मी तसाच उठलो, अंगणाबाहेर याहा बसली होती तिच्या गळ्यात पडलो आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असा ओरडलो, "याहा, मी तुन्हाच पोऱ्या शे! मन्ही दुसरी कोनी माय नही!" मला काकीला रडवायचं होतं. तिचा चेहरा बघायला मी वळलो.

ती हसत होती. जिवावरचं ओझं उतरल्यासारखी हसत होती. शेजारच्या बाईचा हात धरून म्हणाली, "ऐकं का? आते तो सोताज सांगी ऱ्हायना." मला वाटलं, हिला माझी काडीइतकी पर्वा नाही. त्या दिवसापासून मी काठी बघायला गेलो नाही. उकिरड्याकडं फिरकलोच नाही. ती एकटीच पालटायची. एकदोनदा तिनं हाक मारली, 'आरे, गरम व्हयनं का देखाले ये ना,' मी ऐकलं नाही असं केलं. काय करू? आता कुठं जाऊन तिचे पाय धरू? चार वर्षं मी तिच्यावर रुसून होतो, आणि तिच्याजवळ वर्षं होती तरी किती!

चौदाव्या वर्षी माझं लग्न ठरलं. आखाजीनंतरचा मुहूर्त. ठरल्याचं कळलं आणि माझा सगळा रुसवा कुठल्या कुठं पळाला. काकीचीही धांदल सुरू झाली. माझ्यासमोर ती काही बोलत नसे, पण भिंती सारवताना गुणगुणायची. एके दिवशी सकाळी तिनं मला उकिरड्यापाशी बोलावलं आणि मी गेलो. तिनं काठी ओढली, तळहातावर धरली. हात माझ्या गालाजवळ आणला आणि थांबली. मिसरूड फुटायला आलं होतं मला. ती लाजली आणि काठीच माझ्या हातात दिली. म्हणाली, "आते थोडाज दिन ऱ्हायनात."

फाल्गुनात तिला ताप भरला. आधी साधा वाटला. वैद्याचे काढे झाले, अंगारे झाले. पाचव्या दिवशी ती कुणाला ओळखेना, सहाव्या दिवशी एकदम शुद्धीवर आली. वडील उशाशी, मी पायाशी. मला कळून चुकलं होतं. मी लहान मुलासारखा तिच्या पायाला मिठी मारून म्हणालो, "एक डाव म्हन. एक डाव मन्हा पोऱ्या म्हन." आखाजीला महिना-दीड महिना राहिला होता. एवढ्यानं काय बिघडणार होतं? तिनं माझ्याकडं पाहिलं. असं पाहिलं की बस, मी ते लिहू शकत नाही. ओठ हलले. मग तिनं मान भिंतीकडं वळवली आणि वडिलांना म्हणाली, "त्याले भाईर ली जा. आजून लगीन नही व्हयनं."

दारापर्यंत मला तिचा आवाज येत होता. ती वडिलांना बजावत होती, "चिताले आग त्यानी नही लावानी. केस नही काढाना. नहीते देवले समजी जाई, तो मन्हा शे."

'नही' न लावता माझा हा शब्द ती माझ्याबद्दल बोलली तो एवढाच. तोही दाराआडून ऐकलेला.

तिन्हीसांजेच्या आधी ती गेली. दुसऱ्या दिवशी नदीवर नेलं. वडिलांनी तिचा शब्द मोडला नाही. चुलत्याच्या थोरल्या मुलानं मडकं धरलं, त्यानंच अग्नी दिला. मी मागं उभा होतो, कामाच्या गड्यांत. याहानं घरून निघताना माझा दंड घट्ट धरला होता. बाया नदीवर येत नाहीत म्हणून तिला वेशीपाशी थांबावं लागलं. चिता पेटली तेव्हा माझं अंग आपोआप पुढं झालं आणि वडिलांनी हात आडवा केला. ते रडत होते. मला त्यांचा संताप आला, तिचाही आला. मरणाला फसवता फसवता बाईनं मला पोरकं केलं, असंच वाटलं. खरं सांगतो, अजूनही कधीकधी वाटतं.

मग सगळे पाण्याशी गेले. न्हावी दगडावर बसला होता. आमच्याच गावचा म्हातारा न्हावी, माझं जावळ त्यानंच काढलं होतं. चुलतभावाचं डोकं झालं. न्हाव्यानं वस्तरा पुसला, वाटीत ताजं पाणी घेतलं आणि माझ्याकडं बघून समोरच्या जागेवर हात थापटला. सगळं गाव माझ्याकडं बघू लागलं. तिथल्या एकूण एक माणसाला माहीत होतं मी कोण आहे ते. वडिलांनी या वेळी हात आडवा केला नाही. त्यांनी मान खाली घातली. म्हणजे आता माझं मी ठरवायचं होतं.

मी दोन पावलं गेलो. बसणार होतो. केस तिच्यासाठी उतरवले असते, तर निदान माझ्या डोक्यावर तरी ती माझी आई आहे असं लिहिलं गेलं असतं. दहा दिवस का होईना, ज्यानं त्यानं वाचलं असतं. पण भिंतीकडं वळवलेली तिची मान माझ्या डोळ्यांपुढून हलेना. चौदा वर्षं जे तिनं दातांखाली धरलं ते मी एका घटकेत सोडून देऊ?

मी उभा राहिलो आणि जितक्या मोठ्यानं ओरडता येईल तितक्या मोठ्यानं ओरडलो, "मन्हं नही काढानं! मी तिना पोऱ्या नही!"

न्हाव्यानं वाटीतलं पाणी वाळूत ओतलं. डोक्यावरचे केस तसेच घेऊन मी घरी आलो.